कंपायलरचं पहिलं पुस्तक

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की माझ्या फोनवर एक ठरलेला प्रश्न येतो. कधी निपाणीहून, कधी खानापूरहून, कधी बेळगावातच खोली घेऊन राहणाऱ्या एखाद्या मुलाकडून. "सर, कंपायलर डिझाईनला कुठलं पुस्तक घेऊ?" मी कुणाचा सर नाही. बी.ई. होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, एवढंच. पण कुणाच्या तरी काकांनी 'त्याला विचार' असं सांगितलेलं असतं, आणि आपल्या मंडळातलं काकांचं जाळं कुठल्याही मोबाईल नेटवर्कपेक्षा दाट आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं, म्हणून हा लेख.

ज्यांच्या घरात कुणी कॉम्प्युटरला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आपण प्रोग्रॅम लिहितो ती भाषा माणसाला वाचता येईल अशी असते. यंत्राला मात्र फक्त आकड्यांत मांडलेल्या अगदी बारीक सूचना कळतात. मधे भाषांतर करणारा जो प्रोग्रॅम असतो तो कंपायलर. सीमाभागातल्या माणसाला हे समजावणं मला नेहमी सोपं जातं. आपल्याकडे जमिनीचा आरटीसी उतारा कन्नडमध्ये येतो आणि घरातल्या आजोबांना फक्त मराठी वाचता येतं. मग दोन वाटा असतात. तहसीलदार कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या माणसाला शेजारी बसवायचं आणि त्यानं एकेक ओळ वाचत मराठीत सांगायची. किंवा त्याच्याकडून सगळा उतारा एकदाच मराठीत लिहून घ्यायचा आणि फाइलला लावायचा. पहिला इंटरप्रिटर, दुसरा कंपायलर. पहिल्यात काम लगेच सुरू होतं, पण दर वेळी तो माणूस हवाच. दुसऱ्यात सुरुवातीला वेळ जातो, पण नंतर आजोबांना कुणाची गरज लागत नाही.

या विषयाचं वय फार नाही. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमाराला या दिशेनं पहिला प्रयत्न केला, आणि आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाचा फोर्ट्रान कंपायलर १९५७ मध्ये बाहेर आला. माझ्या आजोबांच्या लग्नानंतरची गोष्ट आहे ही.

आता पुस्तकाकडे येतो. विषयाचं नाव काढलं की एकच पुस्तक समोर येतं: एहो, लॅम, सेठी आणि उलमन यांचं 'कंपायलर्स: प्रिन्सिपल्स, टेक्निक्स अँड टूल्स'. मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे म्हणून सगळे त्याला ड्रॅगन बुकच म्हणतात. १९८६ च्या लाल आवृत्तीवर ड्रॅगनच्या अंगावर 'कंपायलर डिझाईनची गुंतागुंत' अशा अर्थाचं लिहिलेलं होतं आणि समोर एक सरदार होता. दुसरी, जांभळी आवृत्ती २००६ ची, हजार पानांची. यातले रवी सेठी आयआयटी कानपूरला शिकलेले. एहो आणि उलमन यांना २०२० सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, म्हणजे आमच्या धंद्यातलं नोबेलच. व्हीटीयूच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक नेमलेलं असतं आणि ते योग्यच आहे. ज्याला या विषयात पुढे काम करायचंय त्याच्याजवळ ते हवंच.

पण पहिलं पुस्तक म्हणून ते घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. का, ते माझ्या भाचीच्या निमित्तानं लिहितो, कारण तिच्या बाबतीत हा प्रश्न परीक्षेपुरता राहिला नव्हता.

भाची म्हणजे माझ्या निपाणीच्या आक्काची मुलगी. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. एसएसएलसीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला एकदम इंग्रजी, मग सीईटी देऊन बेळगावला कॉम्प्युटर सायन्स. टिळकवाडीत तिघी मुली खोली घेऊन राहतात. गेल्या होळीला मी गावी आलो तेव्हा आक्कानं मला माजघरात गाठलं. "ही कंपायलर की काय म्हणतीया बघ, ते जमत नाही म्हणालीया. कंपन्या येतात कॉलेजात, त्यांनाही बसणार नाही म्हणे. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा म्हणतीया. हिला खरंच जमत नसेल तर तू स्पष्ट सांग बाबा. कर्ज काढलंय आम्ही."

मुलीला विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं. "मामा, माझं इंग्लिशच कच्चं आहे. चौथं चॅप्टर मी तीनदा वाचलो, काही कळत नाही."

आमच्याकडच्या मुली 'मी जातो, मी येतो' म्हणतात आणि 'मी पुस्तक वाचलो' हेही आमच्याकडे अगदी बरोबर वाक्य आहे. पुण्यातला पार्सर याला सिंटॅक्स एरर देईल, बेळगावातला देणार नाही. पार्सर म्हणजे वाक्य भाषेच्या नियमांत बसतं का हे तपासणारा कंपायलरचा भाग. नियम बदलले की तेच वाक्य बरोबर किंवा चूक ठरतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली, पण पटलं नव्हतं.

मी तिला पुस्तक आणायला लावलं आणि त्या चौथ्या प्रकरणातलाच एक परिच्छेद वाचून मराठीत सांगायला सांगितलं. तिनं नीट सांगितला, एक-दोन शब्द सोडले तर बरोबर. म्हणजे अडचण इंग्रजीची नव्हती. मग विचारलं, "हे फर्स्ट आणि फॉलो सेट काढतेस ते कशासाठी?" ती म्हणाली, "दहा मार्कांला येतंय."

मला उत्तर तिथंच मिळालं. त्या पुस्तकात चौथं प्रकरण, म्हणजे पार्सिंग, शंभराहून जास्त पानांचं आहे. यंत्रासाठी कोड तयार करण्याचं प्रकरण आठवं, ते पाचशे पानं उलटल्यावर येतं. वाचणारा तोपर्यंत टेबलं भरत असतो, सेट काढत असतो, आणि त्याच्या हातात चालणारं काहीच नसतं. एखाद्याला भाषांतर शिकवायचं म्हणून आधी सहा महिने फक्त व्याकरणाच्या कोष्टकांवर बसवलं आणि एक ओळही भाषांतर करू दिली नाही, तर तो काय करेल? पाठ करेल. मुलं तेच करतात. आणि जी मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात ती यावर आणखी एक निष्कर्ष काढतात, की दोष आपल्या माध्यमाचा आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही तेवढंच कळत नसतं, पण त्याच्याजवळ हे कारण नसतं, म्हणून तो सेमिस्टर पास होऊन पुढे जातो आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला बसतो. ही मुलगी बसणार नव्हती. फरक एवढाच होता आणि तो फार मोठा होता.

मग पहिलं पुस्तक कसं असावं? माझी कसोटी एकच आहे: पंधरा दिवसांच्या आत स्वतः लिहिलेलं काहीतरी चाललं पाहिजे. भाषा छोटी असली तरी हरकत नाही, पण वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाऊन उत्तर पडद्यावर आलं पाहिजे. सिद्धांत त्यानंतर. कंपनीत एकदा ग्राहकाला स्वतःची सूत्रं लिहिता यावीत म्हणून मला एक लहानशी भाषा करायची होती, तेव्हा मी बरीच पुस्तकं चाळली होती. त्यामुळे तिच्यासाठी निवडताना अगदी अंधारात नव्हतो.

पहिलं डोळ्यासमोर आलं ते निकलाउस विर्थ यांचं 'कंपायलर कन्स्ट्रक्शन', १९९६ चं. पास्कल भाषा ज्यांनी केली तेच हे विर्थ. पुस्तक लहान आणि आखीव, एक शब्द जास्तीचा नाही. पण तेच नवख्याला जड जातं. ते आधी थोडं येत असलेल्या माणसासाठी आहे. जॅक क्रेनशॉ यांची 'लेट्स बिल्ड अ कंपायलर' ही लेखमाला १९८८ मध्ये सुरू झाली. लिहिण्याची पद्धत अशी, की शेजारी बसून कुणीतरी सांगतंय असं वाटावं. मला स्वतःला ती फार आवडते. पण कोड पास्कलमध्ये आणि यंत्र मोटोरोलाचं ६८०००. आजच्या मुलीला त्यासाठी आधी दोन जुन्या गोष्टी शिकाव्या लागतील. अँड्र्यू अपेल यांचं 'मॉडर्न कंपायलर इम्प्लिमेंटेशन' सी, जावा आणि एमएल अशा तीन भाषांतून मिळतं आणि दर्जेदार आहे, पण ते दुसरं पुस्तक म्हणून चांगलं.

आपल्या माणसांचंही सांगायला हवं, कारण मुलांना ही नावं माहीत नसतात. आयआयटी मुंबईचे प्रा. धनंजय ढमढेरे यांची कंपायलर आणि सिस्टम्स प्रोग्रॅमिंगवरची पुस्तकं भारतात कित्येक पिढ्यांनी वापरली. ती केवळ परीक्षेची पुस्तकं लिहिणाऱ्याची नाहीत. प्रोग्रॅममध्ये तोच तोच हिशोब पुन्हा होत असेल तर तो शोधून टाळायचा कसा, या प्रश्नावरचं त्यांचं संशोधन जगभर वाचलं गेलं. त्याच संस्थेतले प्रा. उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री साठे यांच्याबरोबर डेटा फ्लो ॲनालिसिसवर २००९ मध्ये पुस्तक लिहिलं. ते वरच्या पायरीचं आहे. पण निपाणीच्या मुलीला 'हा विषय आपला नाही' असं वाटत असेल तर ही दोन आडनावं ऐकवणं उपयोगाचं असतं. मी ऐकवली. व्हिडिओ पाहूनच कळतं अशांसाठी बेंगळुरूच्या आयआयएससीचे प्रा. वाय. एन. श्रीकांत यांची व्याख्यानं एनपीटीईएलवर आहेत.

शेवटी मी निवडलं ते रॉबर्ट नायस्ट्रॉम यांचं 'क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स'. छापील पुस्तक २०२१ चं, पण लेखकानं ते इंटरनेटवर पूर्ण मोफत वाचायला ठेवलंय, आणि कर्ज काढून शिकणाऱ्या घरात हा मुद्दा लहान नाही. लॉक्स नावाची एक छोटी भाषा. तीच दोनदा करायची: एकदा जावामध्ये, सोप्या पद्धतीनं, आणि मग सीमध्ये, खऱ्या कंपायलरसारखी, बाइटकोड तयार करून. लागणारी प्रत्येक ओळ पुस्तकात छापलेली आहे, 'उरलेलं वाचकानं करावं' असं कुठं नाही. चित्रं लेखकानं हातानं काढलीयत. नावात इंटरप्रिटर आहे म्हणून शिक्षक नाक मुरडतात. त्यांनी दुसरा अर्धा भाग वाचावा.

त्यातला पार्सर हातानं लिहिलेला आहे, याकसारखं साधन वापरून नाही. व्याकरणाच्या प्रत्येक नियमासाठी एक फंक्शन. गणिती पदावलीसाठी अशी सात फंक्शनं एकमेकांना हाक मारतात आणि गुणाकार बेरजेच्या आधी का होतो हे त्यातून आपोआप दिसतं. 'हे नवशिक्यांसाठी झालं, खरे कंपायलर असे नसतात' असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, की जीसीसीनं २००४ मध्ये सी++ साठी आणि २००६ मध्ये सीसाठी तयार साधनातून निघालेला पार्सर सोडून हातानं लिहिलेलाच घेतला.

व्याकरणाचं झाड म्हणजे काय, हे मात्र मी पुस्तकातून नाही, आमच्याच घरातून समजावलं. त्या दिवशी पत्रिका पडली होती आणि कुणीतरी म्हणालं, "मोठ्या मामाच्या मुलाचं लग्न." मोठं कोण, मामा की मुलगा? शब्द तेच, क्रम तोच, पण जोडणी दोन तऱ्हांची होते. 'मोठ्या मामाच्या' हे आधी बांधलं तर एक अर्थ, 'मामाच्या मुलाचं' हे आधी बांधलं तर दुसरा. घरात आपण संदर्भावरून ओळखतो. यंत्राला संदर्भ नसतो, म्हणून व्याकरणच असं लिहावं लागतं की झाड एकच उभं राहील. शाळेत वाक्यपृथक्करण केलेल्या मुलीला हे पाच मिनिटांत कळलं. ड्रॅगन बुकमधला संदिग्ध व्याकरणाचा भागही याबद्दलच आहे.

दुसरी गोष्ट तिला स्वतःलाच सुचली. बाइटकोडचं यंत्र दोन अधिक तीन असं काम करत नाही. ते आधी दोन ठेवतं, मग तीन ठेवतं, मग मिळवतं. इंग्रजी बोलणाऱ्याला ते उलटं वाटतं. ती म्हणाली, "मामा, आपण असंच बोलतो की. दोनात तीन मिळव." खरंच की. आपलं क्रियापद शेवटी येतं. कन्नडमध्येही 'एरडक्के मूरु कूडिसु', तोच क्रम. 'तीनला चारनं गुण आणि ते दोनात मिळव' हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं त्या यंत्राला देता येईल. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण हे कुणी माझ्याजवळ बोललं नव्हतं.

आमचं ठरलं ते असं: रोज एक तास, कोड कॉपी-पेस्ट करायचा नाही, टाइप करायचा, आणि रविवारी संध्याकाळी मला फोन. पाचव्या प्रकरणाला ती अडली. मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिथं व्हिजिटर नावाची एक रचना येते आणि ती पहिल्यांदा कुणालाच कळत नाही. टाइप कर, पुढे जा, सातव्या प्रकरणानंतर परत ये, असा माझा सल्ला असतो. सातव्यात बेरीज-गुणाकाराची उत्तरं यायला लागतात. तिची बाराव्या दिवशी आली. आक्काचा मेसेज आला, "पोरगी काहीतरी चालतंय म्हणून नाचालीया."

आठव्या प्रकरणात लॉक्सला छापण्याचा आदेश मिळतो, 'प्रिंट'. अवतरणचिन्हांत देवनागरी लिहिलं तर ते लगेच छापलं जातं, कारण दोन चिन्हांमधलं जे असेल ते स्कॅनर तसंच उचलतो. मग तिला वाटलं, आदेशच मराठीत का नको? स्कॅनर म्हणजे मजकुरातून शब्द सुटे करणारा भाग. त्यात राखीव शब्दांची एक यादी असते. तिनं त्यात 'इफ'च्या जोडीला 'जर' आणि 'प्रिंट'च्या जोडीला 'छाप' घातलं. चाललं नाही, कारण पुस्तकातला स्कॅनर फक्त इंग्रजी अक्षरांनाच अक्षरं मानतो. तिनं ती तपासणी काढून जावाचं अक्षर ओळखणारं तयार फंक्शन लावलं. रविवारचा फोन शुक्रवारीच आला. "मामा, 'जर' चालतंय, 'छाप' चालत नाही."

यावर मी तिला उत्तर दिलं नाही. एररची ओळ वाच म्हटलं. ओळ होती, अनपेक्षित कॅरेक्टर. कुठलं? दोन तास ती तेच शोधत होती. 'छाप' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, संगणकाला तो तीन तुकड्यांचा दिसतो: छ, काना आणि प. युनिकोडमध्ये काना हे अक्षर नाही, ते अक्षराला चिकटणारं चिन्ह आहे. म्हणून स्कॅनरनं 'छ' हा एक शब्द मानला, काना पाहून तक्रार केली आणि 'प' हा वेगळाच शब्द धरला. 'जर'मध्ये काना-मात्रा काही नाही, म्हणून तो सुटला. शब्दाच्या पुढच्या भागासाठी जावात दुसरं फंक्शन आहे, 'इझ-जावा-आयडेंटिफायर-पार्ट', ते अशा चिन्हांनाही चालवून घेतं. ते लावल्यावर 'छाप' चाललं, आणि 'नाहीतर'ही चाललं, ज्यात काना आणि वेलांटी दोन्ही आहेत.

मग तिनं देवनागरी आकडे घालून पाहिले. तिथं वेगळीच गंमत. जावा पूर्णांक वाचताना देवनागरी आकडे समजून घेतं, पण दशांशाची संख्या वाचताना नाही. आणि लॉक्समधली प्रत्येक संख्या दशांशाची म्हणूनच वाचली जाते. तिनं स्वतःच एकेक आकडा बदलून देणारं चार ओळींचं फंक्शन लिहिलं. मला नंतर कळलं.

हे मी एवढं सविस्तर लिहितोय, कारण हा भाग कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिच्या इंग्रजीच्या भीतीशी त्याचा संबंध नव्हता, तिच्या मराठीशी होता. खोलीतल्या तिघींमध्ये काना हे अक्षर नसल्याचं तिलाच माहीत होतं. लॅब झाल्यावर दोन मुलं तिच्याकडे स्कॅनर कसा चालतो विचारायला आली.

परीक्षेचं काय, असं पालक विचारतात. रास्त आहे. फर्स्ट आणि फॉलो काढावेच लागतात, टेबलं भरावीच लागतात, त्याला क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स उपयोगी नाही. म्हणून परीक्षेच्या आधीचे पाच आठवडे तिनं ड्रॅगन बुकच वाचलं, पण क्रम बदलून: आधी दुसरं प्रकरण, मग तिसरं, मग चौथं. दुसरं प्रकरण बहुतेक मुलं प्रस्तावना समजून उडवतात. त्यात एक छोटा पूर्ण अनुवादक केलेला आहे, आणि तो करतो काय, तर दोन अधिक तीन हे 'दोन तीन अधिक' असं फिरवून देतो. तिचा रात्री फोन. "मामा, हे तर 'दोनात तीन मिळव'च आहे. हे आधी का नाही वाचायला सांगितलं कुणी?" फॉलो सेटबद्दलही तिनंच मला सांगितलं: या तुकड्यानंतर काय येऊ शकतं हे माहीत असल्याशिवाय तुकडा कुठं संपला हे पार्सरला कळणार कसं? होळीला ज्या प्रश्नावर 'दहा मार्क' एवढंच उत्तर होतं, त्याचं हे उत्तर.

तेव्हा ज्यांनी विचारलंय त्यांना माझं सांगणं असं. जावा येत असेल तर क्राफ्टिंग इंटरप्रिटर्सची पहिली तेरा प्रकरणं, इंटरनेटवरूनच वाचा, विकत घ्यायची घाई नको. त्यानंतर सी नीट येत असेल तर दुसरा भाग, नसेल तर राहू दे. परीक्षेसाठी ड्रॅगन बुक लायब्ररीतून, दुसऱ्या प्रकरणापासून. तेही जड वाटलं आणि हिशोबाची उदाहरणं जास्त हवी असतील तर ढमढेरे यांचं पुस्तक जुन्या बाजारात शोधा. लेक्स आणि याक लॅबमध्ये करावे लागतात ते करा, पण हातानं एक स्कॅनर लिहिल्यावर. आणि पुस्तक कुठलंही घ्या, वाचताना कीबोर्ड जवळ असू दे. एवढंच न करणारे फार पाहिलेत मी.

बँकेच्या क्लासचा फॉर्म भाचीनं भरलाच. "तेही असू दे," म्हणाली, आणि आक्कालाही ते बरं वाटलं. कंपन्यांच्या परीक्षांसाठी नाव मात्र तिनं दिलंय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून ती हीच भाषा पुढे नेणार आहे आणि जोडीला खोलीतलीच गोकाकची मुलगी आहे, घरी कन्नड बोलणारी. दोघींनी राखीव शब्दांची यादी दुहेरी केलीय. 'छाप' लिहा नाहीतर 'मुद्रिसु', स्कॅनर दोन्हीला एकच खूण देतो आणि त्यापुढच्या सगळ्या कंपायलरला लिहिणारा कुठल्या भाषेतला होता हे कळतही नाही. कन्नडच्या काना-मात्रांना वेगळं काही करावं लागलं नाही, तेच फंक्शन पुरलं. अडचण एका शब्दाची आहे. 'नाहीतर'ला कन्नडमध्ये त्यांनी 'इल्लदिद्दरे' घेतलंय आणि तो टाइप करताना दर वेळी एखादी जोडाक्षराची खूण राहते. त्याच अर्थाचा लहान शब्द त्या शोधतायत. वाचकांपैकी कुणाला सुचला तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा, मी पोचवतो.